चारपर्यंत

शेव ठेवते त्या पत्र्याच्या डब्यावर एक गाव आहे.
गवताची छपरं, दारावर चढलेले गुलाब,
पुलाखाली तीन बदकं.
मृदुलानं विमानतळावर हातात दिला तेव्हा आत बिस्किटं होती.
आता लसणाची शेव, छावणीतली,
आणि एका बदकावर माझं तेलाचं बोट.

त्या गावाला आम्ही जाऊन आलो.
त्याच नव्हे, तसल्याच. जावई म्हणाले, बघण्यासारखं आहे.
बघितलं. रस्त्यावर माणूस नाही,
खिडकीत मांजर, तेही पाठमोरं.
एका फाटकाशी खोक्यात अंडी,
शेजारी पाटी: सहाचा एक पौंड, पैसे बरणीत टाका.
विकणारं कोणी नाही. राखणारंही.
ह्यांनी वाकून पाटी दोनदा वाचली,
छत्तीस वर्षं विक्रीकर खात्यात काढलेला माणूस,
मग नाणं काढून बरणीत टाकलं
आणि अंडी तिथेच ठेवून चालू लागले.
आपल्यात कुठे चालतात अंडी.
मग पैसे कशाचे? मी विचारलं.
एवढा विश्वास ठेवलाय त्यांनी, म्हणाले,
रिकाम्या हातानं कसं जायचं.

गुरुवारी बाजाराच्या गावी.
घड्याळाच्या मनोऱ्याखाली पट्ट्यापट्ट्यांच्या ताडपत्र्या,
चीज, गाजरं, जुनी कुलपं, लोकरीची टोपडी.
मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यातलं काहीतरी.
बटाटे घेतले. बाईनं तोलले, पिशवीत घातले, पैसे मोजून घेतले.
मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभीच.
ती बघते, मी बघते.
वरचा एखादा बटाटा, चार काड्या कोथिंबीर,
काहीतरी यायचं राहिलंय
हे माझ्या हाताला माहीत, तिला नाही.
सॉरी, ती म्हणाली.
मीही म्हणाले.

मग समुद्र. दोन तास गाडीनं गेलो
तर समुद्र नव्हता.
नजर जाईल तिथवर चिखल,
कोणा पोराची लाल बादली,
आणि लोखंडी खांबांवरचा लांबच लांब धक्का
नेसणं वर धरल्यासारखा, कोरडाच उभा.
इंदूरच्या माणसांना समुद्र दाखवायला आणलं आणि हे असं.
जावई ओशाळले.
पार्किंगचे पैसे घेणारा पोरगा घड्याळ बघून म्हणाला,
चारपर्यंत येईल.
जसा काही भाऊ कामावर गेलाय.

चिखलाकडे तोंड करून गाड्या ओळीनं उभ्या,
काचा बंद, आत म्हातारी जोडपी,
मांडीवर रुमाल, कागदात तळलेले बटाट्याचे काप.
कोणी उतरत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं.
वारा असा की गाडी हलायची.
शेजारच्या गाडीतल्या बाईनं माझ्याकडे बघून
हातातला कप जरासा उचलला.
माझ्याकडे कप नव्हता.
मी चष्मा उचलला.

साडेतीनला आम्ही निघालो. जावयांना ट्रॅफिकची भीती.

आता मे महिना, धार रोड, सिरपूर तलाव.
ह्यांचा गुडघा उतरू देत नाही.
पाणी आत आत सरकलेलं, अलीकडे भेगाळलेली माती,
पलीकडे कुठेतरी चार बगळे.
काचा बंद, एसी एकवर,
पेट्रोल जळतंय हे मी बोलत नाही.
थर्मासमध्ये चहा. मांडीवर डबा, रुमाल.

शेंगावाला काचेवर टिचकी मारतो.
क्या हुआ भिया, बंद पड़ गई? धक्का लगाऊँ?
हे काच खाली करतात. गरम हवा आत येते, भाजल्या शेंगांचा वास.
नहीं, बैठे हैं.
काय के लिए?
हे मातीकडे बोट करतात.
आएगा. चार बजे तक.
कौन?

हे पुडी मागतात, सुटे पैसे शोधतात.
तो पुडी बांधता बांधता थांबतो,
वर आणखी मूठभर घालतो,
आणि बॉनेटला टेकून
तोही बघत राहतो.

सव्वापाच झालेले असतात.