आधी काय दळलंत?

गिरणीचं शटर वर जायच्या आत
माझा डबा पायरीवर असतो.
गंगाधर पट्ट्याला हात लावतो तोवर मी विचारते,
काल शेवटी काय दळलंत?
पहिली दोन वर्षं तो हसायचा.
आता नीट सांगतो: गहू होता, पण पाळू झाडलीय,
वर तुमचीच किलोभर ज्वारी टाकून काढली,
ती गाईला.

चाळिसाव्या वर्षी नांदेडच्या डॉक्टरनं गहू बंद केला.
कणभरसुद्धा नाही.
सासूबाई म्हणाल्या, मग झालंच की,
आपण कुठं गव्हाची माणसं?
खरंच होतं ते. आमच्या देगलूरात
पोळी सणाची, पाहुण्याची. भाकर रोजची.
मला वाटलं, सुटले.

मग कळलं, सण रोजच येतो.
हिंगात मिसळून येतो,
शेजारणीच्या उलथन्याला लागून येतो,
लग्नघरी भाताच्या पळीवर बसून येतो.
गोळीतून येईल
असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बीपीची गोळी एकशे चाळीसची,
तीच कोत्तावारांच्या जेनेरिकमध्ये बावीसची.
"औषध तेच हाय ताई, नाव तेवढं उतरवलंय."
औषध तेच. पण त्याच्या भोवतीचं?
मी पट्टी उलटी करते, मुलाचं तिकिटं बघायचं भिंग लावते.
चंदेरी कागदावर मुंगीएवढी अक्षरं.
पाच मिलिग्रॅमचा चोख हिशेब,
आणि खाली, उरलेल्या सगळ्या गोळीला मिळून
दोनच अक्षरं: क्यू. एस.

म्हणजे काय हो?
कोत्तावार चष्मा कपाळावर सरकवतात.
"म्हंजे, लागंल तेवढं."
काय लागेल तेवढं?
"गोळी गोळीसारखी दिसायला जे लागतंय ते.
भुकटी, रंग, स्टार्च."
कशाचा स्टार्च?

मागे सहा माणसं उभी.
"काय बगलालाव बाई एवढं," एकजण म्हणाला, "गोळीच हाय ना?"
कोत्तावारांनी पट्टीवरचा नंबर फिरवला.
आधी हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत,
मग त्या तेलुगू मिसळलेल्या हिंदीत,
जी रागावल्यावरच त्यांच्या तोंडी येते.
पलीकडचा मुलगा म्हणत राहिला, सर, स्टार्च आयपी.
"अरे बाबा, आयपी हा दर्जा झाला.
मी पीक विचारतोय."
पलीकडे गाणं लागलं.
आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

चार दिवसांनी कळलं, मका.
पुढल्या महिन्यात पट्टी हिरवी आली, कंपनी दुसरी,
आणि मका परत कुणालाच ठाऊक नाही.

उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर
कोत्तावारांनी आता रकाने आखलेत:
कंपनी, बॅच, कोण बोललं.
"सांगता येत नाही" सहा वेळा.
एका ओळीत नुसतंच, "बाई होत्या, नीट बोलल्या."
परवा पानाच्या तळाशी वेगळंच नाव दिसलं.
हुमेरा, मुखेड, वय नऊ.
तिच्या फिटच्या गोळीपुढे
लाल शाईत प्रश्नचिन्ह.

मी तिला ओळखत नाही.
तिच्या घरची भाकर कोण थापतं, डबा कोण भरतं,
वाढदिवसाला केक आला की तिला कुठं बसवतात,
काही माहीत नाही.
तो नंबर मी घरी येऊन लावला.
काय विचारायचं ते पाठ आहे आता:
मका, बटाटा, की गहू?
आणि मशीन जर सगळ्यांना तेच,
तर आधी काय दळलंत?

पलीकडचा माणूस गप्प झाला.
मग म्हणाला, मॅडम, हे कुणी विचारलं नव्हतं.
थांबा, खाली जाऊन बघून येतो.

मी थांबलेय.
फोन त्यानं टेबलावर ठेवलाय बहुतेक.
जिन्यावरची पावलं आधी ऐकू येत होती, आता नाहीत.
लांब कुठेतरी एक यंत्र चालू आहे,
आवाज ओळखीचा वाटतो.
चूल पेटलेली, तवा तापत आलेला,
एका हातानं मी पिठात पाणी घालते,
लागेल तेवढं.