निळी लोकर संपली तेव्हा

किह्नू बेटावर बाईला काही विचारावं लागत नाही.
घागऱ्याचे पट्टे बघायचे.
तांबडं जास्त, तर घरी सगळं ठीक.
काळं-निळं चढलं
तर कॉफी पुढे करायची, आवाज खाली.

आमच्या आईनं, साल्मेनं, तांबडं उतरवलं
ज्या फेब्रुवारीत समुद्रावरचा बर्फ तडकला
आणि बाबा मोटरसायकलसकट, जाळ्यांसकट
खाली गेले.
कुत्रा तेवढा परत आला, ओला.

आईनं माग लावला. काळं, गर्द निळं, काळं.
फक्त काठाला, अगदी खाली, तांबडा एकच दोरा.
तो दुःखातही सोडायचा नसतो,
दृष्ट पायांकडून वर चढते म्हणतात.

सात वर्षं.
मासे खारवले, छप्पर शाकारलं,
दुसरी मोटरसायकल घेऊन स्वतः चालवायला शिकली.
साइडकारमध्ये बटाट्यांची पोती
आणि वाऱ्यावर तो घागरा:
लांबून वाटायचं, ढगच येतोय रस्त्यानं.

मग एका हिवाळ्यात पाणी धड गोठलंच नाही.
बोट येईना, बर्फावरून गाडी जाईना.
मागावर घागरा अर्धा, आणि निळी लोकर संपली.
घरात होती ती माझी, तांबडी,
लग्नासाठी राखलेली.
आई बराच वेळ खिडकीशी उभी.
मग म्हणाली, "आण."

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर
सगळ्यांच्या नजरा तिच्या गुडघ्यांखाली.
बोललं कुणीच नाही.
म्हातारी रोसी खांदा थोपटून गेली,
आणि दीपस्तंभावरचा विधुर मिह्केल
सोमवारी दाराच्या कडीला
धुरी दिलेले ईल अडकवून गेला.
"अहो, लोकर संपली होती,"
एवढं सांगायला आईनं तोंड उघडलं.
मिटलं.

ईल आम्ही खाल्ले. चांगले होते.

उन्हाळ्यात संग्रहालयातली मुलगी आली,
वहीत दोन रकाने आखून: रंग, अर्थ.
आईनं तिला सगळं नीट सांगितलं,
तांबडं म्हणजे हे, निळं म्हणजे ते.
मुलीनं घागऱ्यावर बोट ठेवलं.
"आणि हा पट्टा?"
आई हसली. तिचा तुटका दात
मी विसरूनच गेले होते.
"त्या वर्षी बोट आली नाही."
मुलीनं ते लिहून घेतलं नाही.

आता पेटी उघडून
मी त्यानंतरचे घागरे एकावर एक लावते.
बोटी वेळेवर येत होत्या,
निळी लोकर फळीवर पडून होती,
तरी दरवर्षी
तांबडं बोटभर सरकलेलं वर.