कौटुंबिक पूर्वेतिहास

वडील रामकुंडावर नामावळी राखतात.
लाल कापडात बांधलेल्या सत्तावीस वह्या,
लांबट, आडव्या उघडणाऱ्या.
यजमानानं गाव सांगायचा अवकाश,
बोट जिभेला लावून ते पानं उलटतात
आणि पणजोबा सापडतो,
मोडी सहीसकट.

मुलींकडे वह्या जात नाहीत.
मी त्र्यंबक रोडच्या दवाखान्यात
खिडकी क्रमांक दोनवर बसते.
मीही गाव विचारते. नाव, बापाचं नाव,
मग मोबाइलवर आलेला ओटीपी.
वडील म्हणतात, धंदा एकच आपला,
फक्त तुझ्याकडे दक्षिणेची पावती मिळते.

श्रावणात हरसूलहून सावळीराम भोये आला,
जीपमध्ये आडवा, वाचा बंद.
पिशवीतल्या केसपेपरांचा भिजून लगदा.
बायकोनं त्याच्या फोनवरचे आकडे
एकेक करून वाचून दाखवले मला,
सहाच्या जागी नऊ, मग पुन्हा सहा,
आणि पडद्यावर लाल चौकट उमटली:
पेनिसिलिन. अंगावर गांधी, श्वास कोंडला.
दोन वर्षांपूर्वी पेठच्या दवाखान्यात
कुण्या सिस्टरनं भरलेली एक ओळ.
डॉक्टर साळुंक्यांचं बोट
कळफलकावरच थांबलं.
त्या सिस्टरला मी ओळखत नाही.
रात्री घरी जाताना पुलावरून
तिला हात जोडले, पेठ कुठल्या दिशेला
ते नक्की ठाऊक नसताना.

सगळं असं होत नाही.
ओझरच्या शकुंतलाबाई म्हणाल्या,
जिवाला चैन नाही, सून बोलत नाही.
यादीत ते नव्हतं. मी 'इतर' निवडलं.
'इतर'मध्ये किती माणसं राहतात आमच्याकडे!
एक आजोबा तर खुर्ची ओढत
थेट मॉनिटरच्या शेजारी जाऊन बसले.
डॉक्टरांना म्हणाले, हं, आता बघा.

मार्गशीर्षात वडीलच आले.
घाटाच्या पायऱ्या चढताना
डावा हात भरून आला होता.
माझ्याच खिडकीपुढे स्टूलवर बसले.
मी विचारलं, जसं सगळ्यांना विचारते:
आईला हृदयाचा त्रास?

खानदेशातल्या पाटलांच्या सात पिढ्या
ज्यांच्या ओठांवर, ते गप्प.
मग म्हणाले, आई एकोणसाठ साली गेली.
कशानं?
गेली. चुलीपाशी बसली होती,
छातीला हात लावला, तो काढलाच नाही.
लोक म्हणाले, बाहेरचं असेल.
आणि आजोबा?
तेही बसल्या बसल्याच.

सत्तावीस वह्यांत
हजारो माणसांच्या तिथ्या आहेत.
दुखणं एकाचंही नाही.

मी 'बहुधा' लिहायला गेले,
रकान्यानं घेतलं नाही.
हो किंवा नाही.
पाच वर्षांच्या मुलानं बघितलेलं ते,
पासष्ट वर्षं उलटल्यावर.
मी 'हो' दाबलं.
त्यावरून म्हणे पुढच्या तपासण्या ठरल्या,
तासाभरात त्यांना आत नेलं.

चौथ्या दिवशी ते उशीला टेकून बसले,
म्हणाले, बघू माझं पान.
टॅब हातात दिला.
रक्तदाब, गोळ्या, नळीचा फोटो,
हे सगळं त्यांनी सोडून दिलं,
अक्षर कुणाचं ते शोधत राहिले.
मग खाली त्यांना आईचं नाव दिसलं.
बराच वेळ बघत होते.
तुझं पान कुठलं, त्यांनी विचारलं.
तिथंही हे लागेल.

आणि सवयीनं बोट जिभेला लावून
काचेवर टेकवलं.

बाबा, थुंकी नका हो लावू,
गांगुर्डे सिस्टर ओरडल्या,
स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला लागल्या.
पुसताना बोटांखाली
आजीचं नाव एकदम मोठं झालं,
पडदाभर,
मग परत आपल्या रकान्यात गेलं.