पायलट

"भाऊ, कुठे पोचलात?"
मी म्हणते, गेटसमोरच.
पलीकडे जरा शांतता,
मग राइड रद्द.
आज तिसरी.

म्हापशाच्या स्टँडवर
पिवळ्या मडगार्डांच्या रांगेत
माझी स्कूटर शेवटची, हप्ता सात तारखेचा.
कायतान म्हणतो, बाय, रात्रीचं नको हां,
आणि पुढचं चाक हळूच
माझ्या जागेत सरकवतो.

अकरा वाजता इस्पितळाहून फोन.
नर्स, ड्यूटी संपलेली.
"खरंच शर्वाणी ना? की नवऱ्याची गाडी?"
माझीच, म्हटलं. कर्जासकट.

गिरीच्या शेतांपाशी
तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला
टक् करून टेकलं.
झोपली होती.

पर्वरीपर्यंत एकेक खड्डा चुकवत गेले.
वेळ दुप्पट लागला,
भाडं तेवढंच.