मुशी

बाबा राजाराम बंधाऱ्यावरून आले तेव्हा सात वाजून गेले होते.
आईनं पाणी मागच्या दारातच ठेवलेलं, कडुलिंब घालून.
एक बादली, दुसरी बादली, लाल साबण.
कोण होतं, आम्ही विचारत नाही.
कधी कधी वय तेवढं सांगतात.
आज तेही नाही.

मग चहा, आणि पाठीशी उशी घेऊन टीव्हीसमोर.
कुस्त्या कुठंच लागल्या नव्हत्या.
मी चॅनेल बदलत गेले, थांबले ते
निळ्यावर.

एवढं निळं आमच्या घरात कधी आलं नव्हतं.
बाबांचं बनियन निळं झालं,
शोकेसमधली ढाल निळी झाली,
'पिराजी ज्ञानू भोई, महापुरातील कामगिरीबद्दल'.
लोखंडी पिंजरा, त्यात रबरी कपड्यांतला गोरा माणूस
आणि त्याच्या भोवती
सलामीआधी हौद्यातून फेरी मारणाऱ्या पैलवानासारखा,
कसलीच घाई नसलेला
शार्क.

'ही तर मुशी,' आई म्हणाली, कणीक मळता मळता.
'रविवारी येते की. मालवणच्या टेम्पोनं, बर्फात.'
निवेदक हिंदीतून घाबरत होता.
बाबा त्याचं ऐकतच नव्हते.
त्यांनी एकच विचारलं,
'पोरी, ह्यास्नी पाण्यात एवढं दिसतंय कसं गं?'

पंचगंगेत पुरुषभर खाली गेलं
की स्वतःचा हातही दिसत नाही.
डोळे मिटूनच उतरायचं,
उघडे ठेवले तरी तेच.
बोटं पुढं. बोटांना कळतं:
गाळ, तार, गोणपाट,
गणपतीचा पाट, कुणाची विटलेली साडी,
आणि केस.
केस कळले की दोरीला दोन हिसके.

'दात हायत म्हंजे तोंड हाय,' बाबा म्हणाले,
'समोरनं येतंय, दिसतंय. त्याला काय भ्यायचं?'
पडद्यावरचा माणूस अंगठा वर करत होता.
वर होडीत त्याच्यासाठी टॉवेल धरून उभे होते तिघं.
बाबांच्या काठावर लोक मोबाइल धरून उभे असतात,
आणि एक कुणीतरी खाली बसलेलं,
हातात चपलेचा जोड.

मग मांसाचा तुकडा. उघडत जाणारा जबडा,
सगळं मंद केलेलं.
निवेदक म्हणाला, चावायच्या क्षणी
शार्क डोळे आत वळवतो,
तेव्हा त्याला काहीच दिसत नाही.

बाबा उठून बसले.
'मागं घे.'
आमच्या टीव्हीला मागं घेता येत नाही.
'पांढरा झाला न्हवं डोळा? अगदी शेवटाला?'
'हो.'
'म्हंजे त्यो बी चाचपूनच.'

जाहिरात लागली, कुठल्याशा सिमेंटची.
त्यांनी आपल्या बोटांकडं पाहिलं नाही, मी पाहिलं.
पाण्यानं पांढुरकी, सुरकुतलेली,
कपाचा कान धरताना
जरा जास्तच सावध.

पुढं तो माणूस पिंजऱ्याचं दार उघडून बाहेर आला.
त्याचं काय झालं ते बघायचं राहिलं,
आईनं ताटं घेतली होती.

जेवणं झाल्यावर तिनं विचारलं,
'रविवारी आणू मग मुशी?'
बाबा मोरीत हात धूत होते.
बराच वेळ नळ वाहत राहिला.
'आण,' म्हणाले,
'पर डोकं तिथंच ठिवून ये.'