खुंटी

सोहारच्या जुन्या इस्पितळात मी फक्त मापं घ्यायला गेले होते.
कॉरिडॉर एक्काहत्तर मीटर,
खिडक्या माणसाच्या डोक्यावर,
कड्या सगळ्या बाहेरून.
लेझरचा लाल ठिपका भिंतीवर पडला
तसा कोपऱ्यातला म्हातारा उठला
आणि तो तळहातावर झेलू लागला.

सिस्टर लीलाम्मा म्हणाली, हा खल्फान.
सत्तावीस वर्षं झाली. आधी होड्या शिवायचा.
शिवायचाच; फळीला फळी, काथ्याच्या दोरीनं.
आता त्याच्या हाती दोरी द्यायची नाही,
असा नियम.

नव्या नकाशात कोपरे गोल आहेत,
आरसे न फुटणारे,
दारं दोन्हीकडे उघडणारी,
आतून कुणी पाठ लावून बसलं तरी.
अंगणात घाफचं एक झाड:
पहिली फांदी किती उंचीवर चालेल
यावर दोन मीटिंगा झाल्या.

लहानपणी मिरजेत मी फार हसले
की म्हणायचे, हिला येरवड्याला धाडा.
मग सगळेच हसायचे.
दत्तूकाकाला खरंच नेलं
त्या दिवशी कुणी हसलं नाही.
त्याचा सदरा वाटून टाकला,
नाव खुंटीला टांगलं,
ते अजून तिथंच.

दुसऱ्या खेपेला विचारलं,
लीलाम्माच्या मोडक्या अरबीतून,
नव्या खोलीत काय हवं?
मला वाटलं, समुद्र म्हणेल.
खिडकी तशी काढलीही होती मी.
बराच वेळ गप्प बसला.
मग उशीखालून चुरगळलेली टोपी काढली,
मांडीवर ठेवून तिची नक्षी सरळ केली:
ही ठेवायला काहीतरी.

कॅटलॉगात मिळते तशी खुंटी.
टोपी पेलते, टॉवेल पेलतो,
पंधरा किलोच्या वर भार आला
की मान टाकते.
खुंटीनं टाकायची,
माणसानं नाही.

अठरा रियाल, म्हणाला हुमैद,
आणि आकड्याभोवती लाल गोल केला.
प्रत्येक खोलीत?

सॅम्पल आलं ते ऑफिसच्या भिंतीवर बसवलं.
मी दोन्ही हातांनी लोंबकळले.
पडली.
पुन्हा बसवली, पुन्हा लोंबकळले,
पुन्हा पडली.
बाहेर ऑगस्ट, काचेवर दमट वाफ.
हुमैद दारातून बघत होता.
आत आला, खुंटी जागेवर दाबली,
डोक्यावरची टोपी काढून अडकवली
आणि उघड्या डोक्यानं
तक्त्यातली पुढची ओळ वाचू लागला.