हे नव्हे

दालनझादगडच्या दक्षिणेला जीपनं मान टाकली
तेव्हा आम्हाला उंटावर घालून नेणारा म्हातारा
नाव विचारल्यावर म्हणाला : एनेबिश.
अर्थ, हे नव्हे.

आधीची तीन दगावली,
चौथ्याला आईनं हे नाव चिकटवलं.
मरण पोर शोधत आलंच
तर दारातच ऐकेल : हे नव्हे,
आणि जाईल पुढच्या तंबूकडे.

पुढच्या तंबूचं काय, मी विचारलं.
तो उंटाच्या नाकातली काडी
नीट करत राहिला.

झेर्गेन दिसलं ते खडीच्या उतारावर,
गुडघ्याएवढं, केरसुणी उलटी रोवावी तसं.
मी वर्गीकरणाची किल्ली उघडली.
पानं? नाहीत म्हणण्यापुरती :
पेरापेरावर दोन, वाळकी, कांद्याच्या सालीसारखी.
पानांचं काम खोडच उरकतं.
फूल? नाही.
लाल लोंबतंय ते फळ? तेही नाही,
रसानं फुगलेला शंकू तो.
मग पाइन? नाही.
घोड्याच्या शेपटासारखा तो नेचा? छे.
दर पायरीवर एक नकार,
दर नकाराला म्हातारा मागून
आपलं नाव घेतल्यासारखा हूं म्हणायचा.

रात्री शेणीच्या धगीपाशी
त्यानं मुद्द्याला हात घातला :
मग हे कुणाचं?

कुळात एकच प्रजाती, मी म्हटलं,
जाती पन्नासच्या वर, बहुतेक कोरड्याच्या सोबती.
चुलत भावंडं दोन.
एक पावसाळी जंगलात, बहुतेक वेल होऊन चढणारं,
एक नामिबच्या वाळूत,
जन्मभर दोनच पानं फाडत फाडत वाढवणारं.

आणि एकमेकांसारखी दिसतात?
अजिबात नाही.
तो इतका हसला की चहा सांडला.

मी सांगत सुटले :
खूप वर्षं आम्ही यांना फुलांचे सोयरे मानलं,
आता पेशींतले रेणू म्हणतात, पाइनचे.
म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या तंबूत?
हो.
कुणी जेवायला घातलं का तिथं?

पुढचं सांगावं की नाही कळेना,
तरी बोलून गेले :
यांच्या बीजांडात कधी कधी
गर्भ दोन-तीन धरतात.
एक वाढतो. बाकीचे जिरतात.
पुस्तकात त्यांना नुसतं
'जादा' म्हणतात.

एनेबिश बराच वेळ विस्तव ढोसत बसला.
मग म्हणाला, ख्वोर्लो.
मग, लुव्सान.
तिसरीला नाव ठेवायचं राहिलं.
बाहेर मादी उंट
पिलाला हुंगत कण्हत होती.

सकाळी तोच एक फांदी घेऊन आला,
मादी झुडपाची, चार शंकू असलेली.
फार दाबू नकोस, म्हणाला.
दाबल्याशिवाय नमुना होत नाही, आजोबा.
हवामानाच्या पानात गुंडाळून
मी पट्टे आवळले.
संध्याकाळी उघडलं तर लाल डाग
वाऱ्याच्या अंदाजावरून
लग्नाच्या जाहिरातींपर्यंत पोचलेला.

उलानबातरमध्ये चिठ्ठी भरली.
कुळ, जाती, उंची, उतार, खडी.
स्थानिक नाव : झेर्गेन.
संग्राहक : मी, आणि एनेबिश.
शेरा : हिवाळ्यात दुसरं काही उरलं नाही
की शेळ्या खातात.
शंकू तीन.
चौथा त्यानं वाटेत
तोंडात टाकला,
बी थुंकलं,
आणि त्यावर पायानं माती ओढली.